नागरिकत्वाचा सराव

२५ जुलै २०२१ च्या रात्री ट्युनिशियाचे अध्यक्ष कैस सईद यांनी पंतप्रधानांना बडतर्फ केले, संसद स्थगित केली आणि राज्यघटनेच्या ८०व्या कलमाचा आधार सांगत कार्यकारी सत्ता आपल्या हाती घेतली. त्याच कलमात स्पष्ट लिहिले होते की अशा असाधारण काळात संसदेचे अधिवेशन अखंड चालू राहील. प्रत्यक्षात मध्यरात्र उलटल्यावर सभापती राशिद घनुशी संसदेच्या फाटकाशी पोहोचले, तेव्हा तेथे उभ्या असलेल्या सैनिकांनी त्यांना आत जाऊ दिले नाही. राजधानी ट्युनिसच्या रस्त्यांवर त्या रात्री माणसे मोठ्या संख्येने उतरली होती, परंतु ती संसदेच्या रक्षणासाठी आलेली नव्हती. गाड्यांचे भोंगे वाजवीत ती संसद बंद पडल्याचा आनंद साजरा करीत होती. याच शहराने साडेदहा वर्षांपूर्वी, जानेवारी २०११ मध्ये, झिन अल-अबिदीन बेन अली या हुकूमशहाला देश सोडून पळायला लावले होते.

दुसरी रात्र ३ डिसेंबर २०२४ ची, सोलमधली. साडेदहाच्या सुमारास दक्षिण कोरियाचे अध्यक्ष युन सुक-योल यांनी दूरचित्रवाणीवरून लष्करी कायदा पुकारला. त्यामागोमाग निघालेल्या आदेशात संसदेच्या कामकाजासह सर्व राजकीय हालचालींवर बंदी होती. थोड्याच वेळात हजारो नागरिक संसदेपुढे जमले. सैनिकांची हेलिकॉप्टरे आवारात उतरत असताना खासदार कुंपणावरून चढून आत गेले. सदुसष्ट वर्षांचे सभापती वू वन-शिक हेही त्यांच्यात होते. आत खासदारांच्या सहायकांनी आणि कर्मचाऱ्यांनी टेबले-खुर्च्या रचून दारे अडवली आणि अग्निशामक नळकांड्यांतली भुकटी सैनिकांच्या दिशेने फवारली. रात्री एकच्या सुमारास ३०० पैकी १९० सदस्य सभागृहात हजर होते आणि त्या सर्वच्या सर्व १९० जणांनी लष्करी कायदा उठवण्याच्या बाजूने मत दिले. त्यांत अध्यक्षांच्या स्वतःच्या पक्षाचे १८ जण होते. पहाटेपर्यंत अध्यक्षांना माघार घ्यावी लागली.

या दोन रात्री शेजारी शेजारी ठेवल्या की पहिला विचार मनात येतो तो त्या त्या समाजाच्या स्वभावाचा: कोरियन माणूस जागरूक आणि ट्युनिशियन माणूस उदासीन. हा विचार सोपा आहे आणि माझ्या मते चुकीचा आहे. २०११ साली गोळीबाराला तोंड देत रस्त्यावर उभा राहिलेला ट्युनिशियन माणूस उदासीन नव्हता, आणि कोरियाने १९६१ व १९८० अशा दोन वेळा लष्कराच्या हाती सत्ता गेलेली पाहिली होती. फरक स्वभावाचा नसून सरावाचा आहे. लोकशाहीवर घाव पडतो त्या रात्री समाज नव्याने काही शिकू शकत नाही. आधीच्या वीस-तीस वर्षांत ज्या गोष्टी तो पुन्हा पुन्हा करीत आला असेल, तेवढ्याच त्याच्या हाताशी असतात. म्हणूनच ज्याला अनिर्बंध सत्ता हवी असते, तो संसदेवर सैनिक पाठवण्याच्या कितीतरी आधी नागरिकांचा हा सराव मोडू लागतो. आणि पुष्कळदा त्याला तेही करावे लागत नाही, कारण लोकशाहीवादी म्हणवणाऱ्या सरकारांनीच दुर्लक्षाने ते काम अर्धे करून ठेवलेले असते.

ट्युनिशियात नेमके हेच घडले. २०१४ ची तिथली राज्यघटना अरब जगतातली सर्वांत उदार घटना म्हणून नावाजली गेली. देश यादवीच्या उंबरठ्यावर असताना कामगार महासंघ, उद्योजकांची संघटना, मानवाधिकार संघ आणि वकिलांची संघटना या चौघांनी मिळून पक्षांना वाटाघाटीच्या टेबलावर बसवले, आणि त्याबद्दल २०१५ चा शांततेचा नोबेल पुरस्कार त्यांना मिळाला. कागदावर सर्व काही होते. परंतु घटनेने सांगितलेले घटनात्मक न्यायालय संसदेने कधी स्थापनच केले नाही, कारण त्याच्या सदस्यांच्या नावांवर पक्षांचे एकमत होईना. त्यामुळे २०२१ च्या त्या रात्री ८०व्या कलमाचा अर्थ काय, हे अधिकाराने सांगू शकणारी संस्थाच देशात नव्हती. त्याहून मला महत्त्वाची वाटते ती दुसरी गोष्ट. क्रांतीनंतर पहिल्या मुक्त नगरपालिका निवडणुका झाल्या त्या थेट मे २०१८ मध्ये, म्हणजे सात वर्षांनी. रस्ता, पाणी, कचरा यांसारख्या डोळ्यांसमोरच्या प्रश्नांवर आपण निवडलेल्या माणसाला जाब विचारायचा, तो ऐकत नसेल तर पुढच्या वेळी त्याला पाडायचे, पुन्हा दुसऱ्याला जाब विचारायचा, ही जी लोकशाहीची रोजची मशागत, तिला सात वर्षे जमीनच मिळाली नाही. ती मिळाली तोवर लोकांचा धीर सुटला होता आणि जेमतेम एक तृतीयांश मतदारांनी मतदान केले. २०१४ च्या संसदीय निवडणुकीत नोंदणी झालेल्यांपैकी दोन तृतीयांशांहून अधिक लोक मतदानाला आले होते. २०१९ मध्ये ते प्रमाण सुमारे ४१ टक्क्यांवर आले. बेरोजगारी हटत नव्हती, पंतप्रधान मात्र वारंवार बदलत होते, आणि २०२१ च्या उन्हाळ्यात कोरोनाच्या लाटेने रुग्णालये ओसंडून वाहत होती. अशा वेळी संसद बंद करणारा माणूस लोकांना आपला वाटला, यात मला त्यांचा दोष फारसा दिसत नाही. ज्या संसदेशी आपला काही संबंध उरलेला नाही, तिच्या दारात रात्री उभे राहायला कोण जाईल? २०१५ चे नोबेल ज्यांना मिळाले त्यांच्यातल्या बलाढ्य कामगार महासंघानेही सुरुवातीला सरळ विरोध केला नाही. पुढे मार्च २०२३ मध्ये सईद यांनी निवडून आलेल्या नगरपालिकाही बरखास्त केल्या, तेव्हा त्याची चर्चा संसदेच्या स्थगितीइतकी झाली नाही. मला मात्र ते पाऊल अधिक विचारपूर्वक टाकलेले वाटते, कारण नव्या नागरिकांची पेरणी जिथून होऊ शकली असती ते वाफेच त्याने उखडले गेले.

उदासीनतेकडे आपण बहुधा नैतिक दोष म्हणून पाहतो. मतदानाच्या दिवशी सहलीला जाणाऱ्यांना नावे ठेवणे, तरुणांना राजकारणात रस नाही म्हणून हळहळणे, मध्यमवर्ग स्वार्थी झाला म्हणून चिडणे, या सगळ्यात थोडे तथ्य असेलही. परंतु या दोषारोपामुळे एक महत्त्वाची गोष्ट नजरेआड होते, ती म्हणजे उदासीनता पिकवली जाते आणि तिचे पीक कोणाच्या तरी कोठारात जाते. विसाव्या शतकातल्या हुकूमशहांना संचलने, घोषणा आणि भारावलेले जमाव हवे असत. आजच्या बहुतेकांना एवढे लागत नाही. लोकांनी आपल्यावर प्रेम करावे ही त्यांची अट नाही. लोकांनी घरी बसावे, एवढेच त्यांना पुरते. त्यासाठी तुरुंग फारसे भरावे लागत नाहीत. सहभागाचा खर्च थोडा थोडा वाढवत नेला आणि त्याचे फळ थोडे थोडे घटवत नेले की माणसे आपण होऊन पांगतात.

हंगेरीचे उदाहरण या दृष्टीने अभ्यासण्यासारखे आहे. २०१० मध्ये व्हिक्टर ऑर्बान यांच्या फिदेस पक्षाला सुमारे ५३ टक्के मते मिळाली आणि त्या वेळच्या पद्धतीने त्यांचे रूपांतर दोन तृतीयांश जागांत झाले. त्या बहुमताच्या बळावर नवी राज्यघटना आली, संसदेच्या जागा ३८६ वरून १९९ करण्यात आल्या आणि मतदारसंघांच्या सीमा नव्याने आखल्या गेल्या. २०१४ मध्ये पक्षाची मते ४५ टक्क्यांच्या आसपास घसरली, तरी दोन तृतीयांश जागा टिकल्या. यातले एकही पाऊल असे नव्हते की ज्यासाठी सामान्य माणसाने त्या दिवशीचे काम टाकून चौकात यावे. न्यायाधीशांचे निवृत्तीचे वय, निवडणूक कायद्यातली परिशिष्टे, प्रसारण मंडळाची रचना यांवर कोणाचे रक्त तापत नाही. २०१८ मध्ये चारशेहून अधिक माध्यमे सरकारच्या मर्जीतल्या एका प्रतिष्ठानाच्या छत्राखाली गेली, तेही मालकांनी ती ‘देणगी’ म्हणून दिल्यामुळे. रशियाने २०१२ मध्ये आणि जॉर्जियाने २०२४ मध्ये परदेशी पैसा घेणाऱ्या संस्थांवर शिक्का मारणारे कायदे केले. अशा कायद्यांचा फटका प्रत्यक्ष बंद पडणाऱ्या संस्थांपुरता राहत नाही. ‘उगाच कशाला त्या भानगडीत पडा’ म्हणून सभासद होण्याचे टाळणाऱ्या हजारो माणसांपर्यंत तो पोहोचतो, आणि त्यांची मोजदाद कुठेच होत नाही.

याच्या जोडीला एक वाक्य हळूहळू पसरवले जाते: सगळे एकाच माळेचे मणी. वर वर पाहता हे वाक्य सत्ताधाऱ्यांच्या विरोधातले वाटते, परंतु त्याचा लाभ नेमका सत्ताधाऱ्यांना होतो. भ्रष्टाचार उघड झाला की आपण स्वच्छ असल्याचे सिद्ध करण्याची धडपड त्यांना करावी लागत नाही. दुसराही तितकाच मळलेला आहे, न्यायालयही विकले गेलेले आहे, वार्ताहरही पगारी आहे, एवढा संशय पेरला की काम भागते. ज्याला सगळेच खोटे वाटू लागते, तो खऱ्याचा शोध घेण्याचे कष्ट कशाला घेईल? स्वतःला हुशार, कोणाच्याही बोलण्याला न भुलणारा समजणारा असा नागरिक प्रत्यक्षात सर्वांत निरुपद्रवी नागरिक असतो. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी २५ नोव्हेंबर १९४९ च्या भाषणात राजकारणातल्या भक्तीविषयी सावध केले होते. ती भक्ती अधःपाताकडे आणि अखेर हुकूमशाहीकडे नेते, असे त्यांनी बजावले. त्या भाषणाचा उल्लेख बहुतेकदा अंध अनुयायांना उद्देशून होतो, आणि तो योग्यच आहे. परंतु भक्ताची श्रद्धा आणि विरक्ताची तुच्छता यांचा शेवट एकाच ठिकाणी होतो, असे मला वाटत आले आहे: दोघांनीही विचारण्याची आणि तपासण्याची जबाबदारी खाली ठेवलेली असते.

येथे एक भेद करणे आवश्यक आहे, नाहीतर गप्प बसलेल्या प्रत्येकाला आपण उदासीन ठरवू. जून १९७५ ते मार्च १९७७ या आणीबाणीच्या काळात भारतात एक लाखाहून अधिक माणसे स्थानबद्ध होती, वृत्तपत्रांवर नियंत्रण होते आणि रस्ते बहुतांशी शांत होते. एप्रिल १९७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक अशा बहुमताने स्थानबद्धांचा न्यायालयात दाद मागण्याचा मार्ग बंद केला. असहमती नोंदवणारे एकटे न्यायमूर्ती हं. रा. खन्ना होते आणि पुढे त्यांची ज्येष्ठता डावलून दुसऱ्या न्यायमूर्तींना सरन्यायाधीश नेमण्यात आले. वरून पाहणाऱ्याला ती शांतता संमतीची वाटली असावी. मार्च १९७७ मध्ये मतपेट्या उघडल्या तेव्हा सत्ताधारी पक्षाचा पराभव झाला होता आणि पंतप्रधान स्वतः आपल्या मतदारसंघात हरल्या होत्या. भीतीने गप्प असलेला माणूस मनाने सार्वजनिक जीवनात असतो आणि दार किलकिले होताच तो बाहेर येतो. ज्याने मनानेच संबंध तोडला आहे, त्याला दार उघडल्याचेही कळत नाही. लोकशाहीला पहिल्यापेक्षा दुसऱ्याची चिंता अधिक करावी लागते.

सराव टिकणे आणि मोडणे यांतला फरक एकाच देशात, बारा वर्षांच्या अंतराने, जर्मनीत दिसतो. १३ मार्च १९२० रोजी वोल्फगांग काप आणि जनरल ल्युटविट्झ यांच्या बंडखोर तुकड्यांनी बर्लिन ताब्यात घेतले आणि निवडून आलेले सरकार राजधानी सोडून गेले. कामगार संघटनांनी सार्वत्रिक संप पुकारला. पाणी, वीज, ट्राम सगळे बंद पडले. मंत्रालयांतल्या अधिकाऱ्यांनी नव्या मालकांचे हुकूम पाळले नाहीत आणि मध्यवर्ती बँकेने योग्य सहीशिवाय पैसे देण्यास नकार दिला. चार दिवसांत बंड कोसळले. २० जुलै १९३२ रोजी चान्सेलर फ्रान्झ फॉन पापेन यांनी अध्यक्षांच्या एका फर्मानाच्या आधारे प्रशियाचे निवडून आलेले सरकार बरखास्त केले. प्रशिया हे जर्मनीतले सर्वांत मोठे घटक राज्य, म्हणजे देशाची निम्म्याहून अधिक लोकसंख्या, मोठे पोलीस दल आणि लोकशाहीवाद्यांचा शेवटचा बालेकिल्ला. या वेळी संप झाला नाही. साठ लाखांच्या घरात बेरोजगार असताना संपाचे हत्यार बोथट झाले होते, यादवीची धास्ती होती, डाव्या पक्षांत परस्परांविषयी विष भिनले होते. त्या बरखास्त सरकारचे, सोशल डेमोक्रॅट या मध्यम डाव्या पक्षाचे नेते न्यायालयात गेले. त्यांनी चूकच केली असे आज निवांतपणे बसून म्हणणे मला उद्धटपणाचे वाटते. परंतु पुढच्या जानेवारीत हिटलर सत्तेवर आला आणि २३ मार्च १९३३ रोजी सर्वाधिकार देणारा कायदा ४४४ विरुद्ध ९४ मतांनी संमत झाला, तेव्हा विरोधात मते देणारे सोशल डेमोक्रॅट सभागृहात एकाकी होते. कम्युनिस्ट सदस्य तुरुंगात किंवा परागंदा होते आणि रस्ता पूर्ण शांत होता.

यात एक गोष्ट अस्वस्थ करणारी आहे, आणि ती टाळून पुढे जाणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. जुलै १९३२ च्या निवडणुकीत जर्मनीत सुमारे ८४ टक्के मतदान झाले होते. तेथे मंडळे, संघ, वाचनालये, गायनवृंद यांचे दाट जाळे होते. म्हणजे मतदानाचा टक्का किंवा संस्थांची संख्या मोजून लोकशाहीच्या प्रकृतीचा अंदाज बांधता येत नाही. तिथला कामगार कामगारांच्या मंडळात, कॅथलिक कॅथलिकांच्या आणि राष्ट्रवादी राष्ट्रवाद्यांच्या मंडळात, असे प्रत्येकाचे स्वतंत्र वाडे होते आणि एका वाड्यातला आवाज दुसऱ्यात पोहोचत नव्हता. आपल्यासारख्यांच्याच घोळक्यात केलेला सहभाग माणसाला संघटित करतो, नागरिक करतोच असे नाही. याची आठवण अलीकडेही झाली. ६ जानेवारी २०२१ रोजी वॉशिंग्टनमध्ये आणि ८ जानेवारी २०२३ रोजी ब्राझिलियात सरकारी इमारतींत घुसलेले, निवडणूक हरलेल्या अध्यक्षांचे समर्थक उदासीन नव्हते. खुद्द सोलमध्ये १९ जानेवारी २०२५ रोजी युन यांच्या समर्थकांनी एका न्यायालयावर हल्ला केला. ते सर्वजण आपल्या परीने देशासाठीच झटत होते. म्हणून मी ज्या सरावाविषयी बोलतो आहे, त्यात मोजणी मान्य करण्याचा सराव धरलेला आहे: आपली बाजू हरली तरी मतांची बेरीज मान्य करायची, आणि बेरीज चुकीची असेल तर पुराव्याने दाखवून द्यायची.

मोजणीचे उदाहरण मी मुद्दाम घेतो, कारण मोठ्या क्रांत्यांच्या आधी अशी कंटाळवाणी, हिशेबी कामे झालेली असतात आणि नंतरच्या वर्णनांत ती हरवतात. पूर्व जर्मनीतल्या स्थानिक निवडणुका ७ मे १९८९ रोजी झाल्या. तेथे निवड अशी काही नव्हतीच. अधिकृत यादीला होकार द्यायचा एवढेच. परंतु मतमोजणी नागरिकांसमोर व्हावी अशी तरतूद कायद्यात होती आणि आजवर तिचा उपयोग करायला फारसे कोणी गेले नव्हते. त्या संध्याकाळी चर्चशी संबंधित गटांतले लोक अनेक मतदान केंद्रांवर जाऊन थांबले आणि नकाराच्या मतांचे आकडे टिपून घेतले. सरकारने ९८.८५ टक्के होकार जाहीर केला, तेव्हा त्यांच्या वह्यांतले आकडे त्याच्याशी जुळत नव्हते. खोटेपणा सर्वांना आधीपासून माहीत होता, पण आता तो सही-शिक्क्यानिशी हातात आला होता. त्यानंतर दर महिन्याच्या ७ तारखेला पूर्व बर्लिनमध्ये थोडी माणसे निषेधासाठी जमू लागली. ९ ऑक्टोबरला लाइपझिगमध्ये सुमारे ७०,००० लोक चालले आणि बंदुका सज्ज असूनही गोळी सुटली नाही, तेव्हा जगाने तो जमाव पाहिला. वह्या घेऊन बसलेली माणसे फारशी कोणी पाहिली नव्हती. तुर्कस्तानातल्या इस्तंबूलमध्ये ३१ मार्च २०१९ च्या महापौर निवडणुकीत विरोधी पक्षाचे एक्रेम इमामोग्लू सुमारे तेरा हजार मतांनी पुढे होते. विरोधी पक्षाने प्रत्येक केंद्रावरची सह्या झालेली निकालपत्रे आधीच गोळा करून ठेवली होती, आणि फेरमोजणीच्या दिवसांत कार्यकर्ते व वकील मतांच्या पोत्यांजवळून हलले नाहीत. निवडणूक मंडळाने मे महिन्यात ती निवडणूक रद्द केली. २३ जूनच्या फेरनिवडणुकीत आघाडी आठ लाखांवर गेली. मार्च २०२५ मध्ये इमामोग्लू यांना अटक झाली, त्यामुळे हा विजय अंतिम होता असे म्हणता येत नाही. पण २०१९ मधली ती निकालपत्रे नसती तर लढायला आधारच राहिला नसता.

कोरियाच्या त्या रात्रीकडे आता पुन्हा पाहता येईल. मे १९८० मध्ये ग्वांगजू शहरात लष्करी कायद्याखाली नागरिकांचे हत्याकांड झाले, आणि त्याची स्मृती त्या देशाने शाळांत, स्मारकांत आणि न्यायालयांत जपली. जून १९८७ च्या आंदोलनाने अध्यक्षाची थेट निवडणूक मिळवली. ऑक्टोबर २०१६ पासून मार्च २०१७ पर्यंत लोक आठवड्यामागून आठवडे, शनिवारी संध्याकाळी मेणबत्त्या घेऊन जमत राहिले आणि अखेर घटनात्मक न्यायालयाने अध्यक्ष पाक ग्युन-हे यांना पदच्युत केले. या सगळ्यातून गेलेल्या माणसांना डिसेंबर २०२४ मध्ये कोणी काही शिकवण्याची गरज नव्हती. अध्यक्षांच्या निवासाकडे धावून उपयोग नाही, संसदेकडे गेले पाहिजे, कारण घटनेनुसार एकूण सदस्यांच्या बहुमताने ठराव झाला की लष्करी कायदा उठवावाच लागतो, म्हणजे १५१ खासदार आत पोहोचले पाहिजेत, हे तेथे जमलेल्या असंख्य लोकांना ठाऊक होते. राज्यघटनेतले एक कलम सामान्य माणसाच्या पायांना वाट दाखवते, हे मला त्या रात्रीचे सर्वांत मोलाचे दृश्य वाटते. ट्युनिशियाच्या घटनेतही कलम होते.

नागरिक जागरूक असले की लोकशाही टिकतेच, असा दावा मात्र मी करणार नाही. हाँगकाँगमध्ये २०१९ साली लाखो लोक पुन्हा पुन्हा रस्त्यावर आले आणि त्या नोव्हेंबरात जिल्हा परिषदांच्या निवडणुकीत ७१ टक्के मतदारांनी मत दिले. पुढच्या जूनअखेर बीजिंगने राष्ट्रीय सुरक्षा कायदा लादला, आणि डिसेंबर २०२१ मध्ये केवळ ‘देशभक्त’ ठरवलेल्या उमेदवारांच्या निवडणुकीला ३० टक्के मतदार फिरकले. तिथले न्यायाधीश, पोलीस आणि कायदेमंडळ यांच्यावरची अंतिम सत्ता त्या शहराच्या हाती नव्हतीच. नागरिकांचा सराव संस्थांच्या आधाराने चालतो. १९२० मध्ये बँकेतल्या त्या अधिकाऱ्याने सही मागितली नसती, २०२४ मध्ये सैनिकांनी खासदारांवर बंदुका चालवल्या असत्या, तर बाहेरचा जमाव कितीही मोठा असता तरी निकाल वेगळा लागला असता. म्हणूनच न्यायाधीश, निवडणूक अधिकारी, पोलीस, शिक्षक, पत्रकार यांच्या व्यवसायनिष्ठेला मी नागरी सहभागाचाच भाग मानतो. जानेवारी २०२० मध्ये पोलंडचे न्यायाधीश न्यायालयांवरच्या सरकारी दबावाविरुद्ध झगे घालून वॉर्सात चालले, तेव्हा त्यांच्यासोबत युरोपातल्या अनेक देशांचे न्यायाधीश होते. ऑक्टोबर २०२३ च्या निवडणुकीत त्या देशात ७४ टक्क्यांहून अधिक मतदान झाले, १९८९ नंतरचे सर्वाधिक, आणि आठ वर्षे सत्तेवर असलेल्या पक्षाने बहुमत गमावले. या दोन घटनांत सरळ कार्यकारणभाव दाखवता येणार नाही, पण एकमेकांना पाहून धीर धरणारी माणसे दोन्हींत होती.

आता, दिवसभर राबून घरी आलेल्या माणसाला सभेला या म्हणणे सोपे आहे. ज्याच्या कामाची वेळ दुसरा कोणी ठरवतो, ज्याच्या घरात आजारी माणूस आहे, त्याच्याकडून वेळेची अपेक्षा करण्यापूर्वी वेळ देता येईल अशी व्यवस्था करणे, हे लोकशाहीवाद्यांचे कर्तव्य आहे. स्थानिक संस्थांना नावापुरते नव्हे तर पैशासह अधिकार हवेत, कारण निर्णय होतच नसेल तिथे माणूस दुसऱ्यांदा जात नाही. राजकीय पक्षांनी सभासदांना केवळ निवडणुकीपुरते राबवायचे सोडून उमेदवार निवडण्यात खरा वाटा द्यायला हवा. ज्या पक्षात आत मतदान होत नाही, तो बाहेर मतदानाचे रक्षण कोणत्या सरावावर करणार? कामगार संघटना दुबळ्या झाल्या म्हणून समाधान मानणाऱ्यांनी १९२० च्या त्या चार दिवसांत बंड कोणी मोडले, हे आठवावे.

राहतो तो शेवटचा आणि सर्वांत अवघड आक्षेप: डावच खोटा असेल तर त्यात भाग घेऊन त्याला प्रतिष्ठा कशाला द्यायची? डिसेंबर २०२२ मध्ये ट्युनिशियाच्या विरोधी पक्षांनी संसदीय निवडणुकीवर बहिष्कार टाकला आणि मतदान जेमतेम ११ टक्के झाले. जगभर त्या आकड्याची नाचक्की झाली, पण निवडणूक रद्द झाली नाही आणि नवी संसद बसली. चिलीत १९८७ साली विरोधकांत हाच वाद पेटला होता. १९७३ च्या लष्करी उठावानंतर जुन्या मतदार याद्या नष्ट करण्यात आल्या होत्या. नव्या नोंदणीची कार्यालये फेब्रुवारी १९८७ मध्ये उघडली तेव्हा ऑगस्तो पिनोशे यांच्या राजवटीच्या वहीत आपले नाव कशाला लिहायचे, असे अनेकांना वाटत होते, आणि तसे वाटण्याला सबळ कारणेही होती. तरीही कार्यकर्ते घरोघर फिरले आणि दीड वर्षात सुमारे ७४ लाख नावे नोंदली गेली. पिनोशे यांना आणखी आठ वर्षे द्यावीत की नाही, या प्रश्नावर ५ ऑक्टोबर १९८८ रोजी सार्वमत झाले. नोंदणी झालेल्यांपैकी सुमारे ९७ टक्के लोकांनी मत दिले. विरोधकांनी देशभरातून आकडे गोळा करणारी स्वतःची समांतर मोजणी उभी केली होती, त्यामुळे सरकार निकाल रोखून धरत असतानाही ‘नाही’ची आघाडी त्यांना कळत होती आणि ते ती जाहीर करीत होते. मध्यरात्रीनंतर लष्करी सत्तामंडळाच्या बैठकीसाठी हवाई दलाचे प्रमुख फेर्नांदो मात्तेई अध्यक्षीय प्रासादाशी आले, तेव्हा दारात थांबलेल्या वार्ताहरांना त्यांनी आत जाण्यापूर्वीच सांगून टाकले की आपल्या मते ‘नाही’ जिंकले आहे.